पलंग बाहेर गेला की

"अण्णा, ह्याचे स्क्रू कुठं हायत?" हुसेन बागवान पलंगाखालून ओरडला. तो पाठीवर आडवा झाला होता आणि त्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते.

"असतील तिथंच. नीट बघ," दारात उभे असलेले मामंजी म्हणाले.

"नीटच बघतोय की. न्हाईत."

मी खिडकीपाशी माझ्या बॅगेशेजारी उभी होते. बॅग सकाळीच भरून ठेवली होती. जयसिंगपूरहून गडहिंग्लजला जाणारी थेट एसटी दिवसातून एकच, संध्याकाळी पाचची, आणि ती मला काहीही करून गाठायची होती. सोमवारी सकाळी तिथल्या मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून मला हजर व्हायचं होतं. नाही झाले तर दुसऱ्या बाईंना बोलावणार, असं संस्थेच्या सेक्रेटरींनी स्वच्छ सांगितलं होतं. आणि मी हजर होणार की नाही, हे त्या पलंगावर अवलंबून होतं.

ऐकणाऱ्याला हसू येईल, पण तसंच होतं. माझा नवरा अजित लग्नानंतर वर्षभरातच मस्कतला नोकरीला गेला. आधी त्याचे फोन शेजारच्यांकडे यायचे, मग फक्त सणावाराला यायला लागले, मग तेही बंद पडले. त्याने तिकडं दुसरं घर केलंय ही बातमी अख्ख्या गल्लीला होती. आमच्या घरात मात्र ती कुणी उच्चारत नसे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दर शनिवारी त्या पलंगावरची चादर बदलायच्या. मामंजी आल्यागेल्याला सांगायचे, "अजितला कामाचा फार ताण आहे." मी त्या घरात सून म्हणून राहत होते. नक्की कुणाची बायको म्हणून राहत होते, ते विचारायची सोय नव्हती.

माणसं वाईट असती तर मी कधीच निघून गेले असते. घोडं तिथंच अडलं होतं. मामंजी बाजारातून येताना आठवणीने माझ्यासाठी खारे शेंगदाणे आणायचे. मी बी.ए.ची राहिलेली परीक्षा दिली तेव्हा स्कूटरवरून सोडायला तेच यायचे आणि पेपर सुटेपर्यंत कडुनिंबाखाली बसून राहायचे. अशा माणसाच्या तोंडावर "मी चालले" म्हणणं मला जमत नव्हतं. माहेरी भाऊ होता, पण त्याचं एकच पालुपद, "सासरच्यांनी हो म्हटलं तर बघू."

नोकरीचं मी सांगितलं, त्या दिवशी मामंजी बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "नवऱ्याचा पलंग मागं तसाच टाकून सून घराबाहेर पडली, असं लोकांनी म्हणायला नको. आधी तो घरातनं जाऊ दे. पलंग बाहेर गेला की तू जा. माझा शब्द."

मला काय, आनंदच झाला. दुसऱ्याच दिवशी मी स्टेशन रोडला जुन्या फर्निचरचा धंदा करणाऱ्या बागवानाला गाठलं. त्याच्याकडे एका लॉजवाल्याची मोठ्या पलंगाची मागणी होतीच. रविवारी जेवणाच्या आधीच तो टेम्पो आणि दोन हमाल घेऊन दारात हजर झाला.

साधा पलंग नव्हता तो. मामंजी साखर कारखान्यात नोकरीला होते तेव्हा त्यांनी स्वतः दांडेलीला जाऊन त्याचं सागवान निवडून आणलं होतं. त्या वेळी आमच्याकडे सुतार घरी बसवायची पद्धत होती. लाकूड आपलं, चहाजेवण आपलं, हत्यारं त्याची. आमच्या लग्नाआधी गुंडू सुतार अख्खा उन्हाळा याच खोलीत काम करत होता, आणि जिथं पलंग ठेवायचा तिथंच त्याने तो उभा केला. डोक्याकडची फळी छातीएवढी उंच, तिच्यावर तोंडाला तोंड लावलेले दोन मोर. खाली पाहुण्यांची अंथरुणं मावतील एवढे कप्पे. लग्नाला आलेल्या लोकांनी आधी पलंग पाहिला, मला नंतर पाहिलं.

बागवान खालून सरपटत बाहेर आला आणि शर्टावरची जळमटं झटकत म्हणाला, "अण्णा, ह्यात एक स्क्रू न्हाई. सगळं खाचेत कुसू ठोकून सरसानं चिकटवलंय. हे सुटायचं काम न्हाई."

"असं?" मामंजी म्हणाले. "मग तसाच न्या."

"अख्खा? या दारातनं?"

"बघा की प्रयत्न करून. माणसं आणलीत ना?"

बागवानाने दाराकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं. पण लॉजवाल्याला शब्द दिलेला होता. त्याने हमालांना हाक मारली. पलंग कुशीवर उभा केला. त्याची कड पंख्याच्या पात्यांना लागायला लागली म्हणून पंखा बंद करावा लागला. पायथा दाराबाहेर काढायचा, बाहेरच्या बोळात वळवायचा आणि मग मोरांची फळी तिरपी करून ओढून घ्यायची, असं ठरलं. हमाल आणि बागवान पुढे धरायला बोळात गेले, त्यांच्यामागून मामंजीही. मागून उचलायला आत कुणी उरलं नाही, तेव्हा माझ्या शेजारी येऊन आत्याबाईंनी पदर खोचला.

"तुम्ही नका, आत्याबाई," मी म्हटलं.

"धर गं," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघींनी मागून रेटा दिला. पलंग अर्ध्यापर्यंत छान गेला. मग बोळाच्या भिंतीवर पायथा आपटल्याचा आवाज झाला, वरून चौकटीचा गिलावा पडला आणि पलंग बसला. बागवानाने ओढून पाहिलं. मग म्हणाला, "मागं घ्या." आम्ही मागे ओढलं, त्यांनी तिकडून ढकललं. पुढेही नाही, मागेही नाही. दारात वर टीचभर फट उरली होती, तेवढ्यातून मला बागवानाचा एक डोळा दिसत होता.

"वहिनी, दुसरं दार हाय काय आत?"

"नाही," मी म्हटलं.

"खिडकी?"

"गज आहेत."

मार्चचं ऊन पत्र्यावर तापत होतं आणि खोलीत वारा म्हणून नव्हता. मी बॅगेकडे पाहिलं. खरं सांगते, त्या क्षणी मला रडू फुटायचं बाकी होतं.

"करवत लावायला लागणार," बागवान म्हणाला.

"माझ्या घरात त्या लाकडाला करवत लागणार नाही," मामंजींचा आवाज आला.

"मग बायकांचं काय करू, अण्णा? आत ऱ्हाऊ देऊ?"

"घाई कशाला करता? माणसं दमलीत. चहा घ्या, जरा बसा. थंड डोक्यानं विचार करू. आत ढकलून होता तिथं ठेवता येईल."

हमाल गेले. बागवान बोळातच पायरीवर बसलेला असावा, कारण त्याच्या बिडीचा वास येत होता. मग फटीतून मामंजींचा चष्मा दिसला.

"नलू, पाणीबिणी हवंय काय? आत माठ आहे न्हवं?"

"आहे."

"घाबरू नकोस. बघ, पलंगाच्याच मनात नाही जायचं. त्याला आपण काय करणार?"

हे ते इतक्या हलक्या आवाजात बोलले, की मला काहीतरी टोचलं. कालपर्यंत ह्यांचा चेहरा उतरलेला होता. आता ते पेपर सोपा गेलेल्या मुलासारखे बोलत होते. पण मी तो विचार झटकला. मामंजींविषयी वाईट विचार करायची मला सवय नव्हती.

आत्याबाई खाली बसल्या होत्या. पलंगाच्या जागेवरची शहाबादी फरशी बाकीच्या फरशीपेक्षा नवी दिसत होती, आणि त्या बरोबर त्या नव्या चौकोनात मांडी घालून बसल्या होत्या. तिथं धुळीत अजितचा एक कंगवा पडला होता. त्यांनी तो उचलला, पदराने पुसला, आणि मग काय करावं ते न सुचल्यासारखा खिडकीत ठेवला.

"बस," त्या म्हणाल्या. "उभं राहून दार उघडणार नाही."

मी बसले. त्यांच्याशी मी कधी फार बोललेच नव्हते. घरात बोलायचं काम मामंजींचं. आत्याबाई सकाळी जैन बस्तीला जायच्या, देवदर्शन करून यायच्या, दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायच्या, आणि रात्री स्वयंपाकघरात पोत्यांच्या शेजारी वळकटी पसरून झोपायच्या. बाहेर पुढच्या खोलीत मामंजी आणि त्यांचा रेडिओ, आत ही पलंगाची खोली. त्यांच्यासाठी वेगळी जागा त्या घरात नव्हती, हे माझ्या तोपर्यंत ध्यानातही आलं नव्हतं.

"तुला खरंच जायचंय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"रागानं?"

"नाही, आत्याबाई. राग कुणावर करू? पण इथं मी नुसती पलंगाची राखण करते."

त्यांनी खिडकीतल्या कंगव्याकडे पाहिलं. मला वाटलं, त्यांना लागलं. मी घाईघाईने म्हटलं, "तो आला तर मला कळवा. मी..."

"तो येत नाही," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच कुणी बोललं होतं.

"मी वाढवलाय त्याला. लहानपणी पाटी फोडली तरी मामाच्या घरी जाऊन लपायचा. आपण बोलावणं पाठवलं की आणखी लांब पळायचा. जे मोडलं त्याच्यासमोर उभं राहायची हिंमत नाही त्याच्यात. तो काय येतोय?"

"मग दर शनिवारी चादर कशाला बदलता?"

"त्यांना बरं वाटतं म्हणून," त्यांनी दाराकडे मान केली. "चादर नाही बदलली की जेवत नाहीत."

बाहेर मामंजी बागवानाला दांडेलीच्या जंगलाची हकिगत सांगत होते. ती मला तोंडपाठ होती. झाडाचा बुंधा किती, लिलावात कोण कोण होतं, सगळं. बागवान "हां हां" म्हणत होता. मी घड्याळ पाहिलं. तीन वाजून गेले होते.

"मामंजी," मी फटीतून हाक मारली, "काहीतरी करा ना. गाडी जाईल माझी."

"अगं, आज गेली तर उद्या आहे. उद्या गुंडूच्या पोराला बोलावून आणतो. तो बघेल."

"उद्या सकाळी मला तिथं हजर व्हायचंय."

"मग मी काय करू सांग? मी काय मुद्दाम अडकवलाय?"

तेव्हा माझ्या मागून आत्याबाईंचा आवाज आला. त्या ओरडल्या नाहीत. रोज ताट वाढलंय म्हणून सांगायच्या, त्याच आवाजात बोलल्या.

"गुंडू सुटा करतो म्हणाला होता."

त्यांनी मान वर करून फटीकडे पाहिलं.

"'अण्णा, चार भाग करतो, पुढंमागं हलवायला बरं पडतं,' म्हणाला तो. मी इथंच उभी होते, चहा घेऊन. तुम्ही म्हणालात, नको. कायमचा कर. माझ्या पोराचा पलंग या खोलीतनं हलता कामा नये. दार बसवायच्या आधी केलाय तो, आणि मग दार बसवलंय. तुम्हाला ठाऊक होतं, हा जायचा नाही ते. म्हणून तर शब्द दिलात पोरीला."

मी फटीतून पाहिलं. मामंजी समोरच्या भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता. ते "नाही" म्हणाले असते तर मी त्यांच्यावर विश्वास ठेवला असता. पण ते चष्मा पुसायला लागले.

राग आला मला, खूप आला. पण त्याहून जास्त भीती वाटली. माझ्या डोळ्यांसमोर त्या खोलीतले पुढचे सगळे शनिवार उभे राहिले. प्रेमाने कुलूप लावलं की तोडायचं कसं, तेच मला समजत नव्हतं.

आत्याबाई उठल्या आणि खिडकीपाशी गेल्या. खिडकी परसात उघडायची. त्यांनी हाक मारली, "बागवान! जरा इकडं या."

बागवान वळसा घालून गजांपाशी आला.

"न्हाणीघराच्या भिंतीला करवत लटकवलीय. शेवग्याच्या फांद्या तोडायची. ती द्या."

बागवान घुटमळला. मामंजीही त्याच्या मागोमाग परसात आले होते. त्याने त्यांच्याकडे पाहिलं.

"त्यांच्याकडं काय बघता?" आत्याबाई म्हणाल्या. "आत मी अडकलेय. ते नव्हे."

बागवानाने मान डोलावली. मग न्हाणीघराकडे गेला आणि करवत आणून गजांमधून आत दिली.

"पद्मा," मामंजी म्हणाले. मी त्यांच्या तोंडून सासूबाईंचं नाव कधी ऐकलं नव्हतं. "पद्मा, सागवान आहे ते."

"हो," आत्याबाई म्हणाल्या. "आणि मी माणूस आहे."

मोरांची फळी जिथं पलंगाला जोडली होती तिथं त्यांनी करवत टेकवली. पहिल्यांदा ती नुसती घसरली. दुसऱ्यांदा ओरखडा पडला. तिसऱ्यांदा लाकडाचा भुसा त्यांच्या पायावर पडला आणि सगळ्या खोलीत सागवानाचा वास भरला. त्या कापत होत्या, दमत होत्या, आणि दमल्या की करवत माझ्याकडे द्यायच्या. मग मी कापायचे. माझ्या तळहाताला फोड आले. घाम डोळ्यांत जात होता. आणि एवढं करूनही करवत एका ठिकाणी येऊन थांबली. कितीही ओढली तरी पुढे जाईना.

"वहिनी, बोटं सांभाळा," बागवान बोळातून म्हणाला. तो आणि हमाल परत येऊन उभे होते.

मी पुन्हा जोर लावला. काही होईना. पावणेचार झाले असतील. आत्याबाईंनी करवत घेतली, कपाळाचा घाम पुसला आणि पुन्हा त्याच जागी लावली.

"तिथं नको."

मामंजी फटीशी होते. कधी आले ते आम्हाला कळलं नव्हतं.

"तिथं गाठ आहे. दांडेलीत ओंडका निवडतानाच बघितली होती ती. चार बोटं खाली घे."

आत्याबाईंनी चार बोटं खाली करवत लावली.

"सरळ धर. तिरकी नेलीस तर अडकेल. हळू. घाई करू नकोस." मग ते हमालांना म्हणाले, "तुम्ही बाजूला व्हा." त्यांनी पलंगाचा पायथा दोन्ही हातांनी धरला आणि आपल्या अंगावर ओढून घेतला, कापलेली खाच उघडी राहावी आणि करवत दाबली जाऊ नये म्हणून. फटीतून मला त्यांचे हात दिसत होते. त्यांनी शेवटपर्यंत पायथा सोडला नाही.

फळी पडली तेव्हा मोरांची तोंडं फरशीवर आपटली. बागवानाने राहिलेला पलंग ओढून बोळात घेतला. दार मोकळं झालं. दारात मामंजी उभे होते, त्यांच्या शर्टावर भुसा होता आणि डोळे लाल झाले होते. आम्ही तिघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

"आता ह्याचं मी काय करू, काकू?" बागवानाने विचारलं. "लॉजवाला घ्यायचा न्हाई हे."

"बंबात घाला."

"सागवान? बंबात? तोबा तोबा." पण तो आणि हमाल लाकडं उचलायला लागले. त्यात त्याला चार स्टुलं दिसत असणार.

खोली रिकामी झाल्यावर एवढी मोठी दिसेल असं वाटलं नव्हतं. मामंजी आत आले, इकडे तिकडे पाहिलं, आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "इथं एक दिवाण टाकू आता. कुणी आलंगेलं तर."

"काही टाकायचं नाही," आत्याबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ही खोली माझी. मी निजणार इथं."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मी बॅग उचलली.

आत्याबाईंनी पटकन धपाटे आणि चटणी फडक्यात बांधून दिली, मी पाया पडले तेव्हा पाठीवर हात ठेवला. मला वाटलं होतं मामंजी बाहेर येणार नाहीत. ते स्कूटर काढून उभे होते. स्टँडवर पोचलो तेव्हा एसटी लागली होती. मी चढले, खिडकीपाशी बसले. ते कुठं गेले म्हणून पाहते तर गाड्यावरून खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी घेऊन येत होते. खिडकीतून ती माझ्या हातात देत म्हणाले, "पलंग बाहेर गेला."

"हो, मामंजी."

"मग जा."

मी रडले ती गाडी निघाल्यावर. कागल येईपर्यंत रडत होते आणि शेंगदाणे खात होते.

गडहिंग्लजला मी नोकरीतून निवृत्त होईपर्यंत राहिले. अजित आला नाही. मामंजी आणि आत्याबाई होते तोवर मी दिवाळीत आणि मेमध्ये त्यांच्याकडे जात राहिले. ती खोली शेवटपर्यंत तशीच रिकामी होती. एक वळकटी, एक माठ आणि खिडकीत जपमाळ, एवढंच. मामंजींना एकदा कुणी फुकट सोफा देऊ केला होता, तर आत्याबाईंनी तो दारातूनच परत पाठवला. दार मात्र त्या कधी लावून घेत नसत, दिवसा नाही, रात्री नाही.

तरी मामंजी सरळ आत जायचे नाहीत. संध्याकाळी चहाचा कप घेऊन उंबऱ्याशी उभे राहायचे, एका हाताने चौकट धरून, गिलावा पडलेल्या जागेवर बोटं ठेवून.

"पद्मा," ते विचारायचे, "आत येऊ काय?"